लाल दिव्यापासून निदानापर्यंत: पंपसेटसाठी स्वयंचलित दोषनिदान यंत्रणा कशी उभारावी

कंट्रोल रूमच्या पडद्यावर ओळ झळकते: ‘इंजेक्शन पंप २, व्हायब्रेशन हाय’. शिफ्ट इनचार्ज फिटरला पिटाळतो. फिटर बेअरिंगवर हात ठेवून पाहतो, स्क्रू ड्रायव्हर कानाला लावून आवाज ऐकतो, फाउंडेशन बोल्ट आवळतो, थोडं ग्रीस भरतो आणि परत येतो. अर्ध्या तासाने तीच ओळ पुन्हा येते. चार दिवसांनी कुणीतरी अलार्मची मर्यादा ४.५ मिमी प्रति सेकंदावरून ७ वर नेऊन ठेवतो आणि पडदा शांत होतो. पंपातला दोष मात्र वाढत राहतो.

चांगले सेन्सर बसवूनही अनेक ठिकाणी काम इथेच अडतं, कारण यंत्रणा फक्त ‘काहीतरी बिघडलंय’ एवढंच सांगते. फिटरला चार गोष्टी हव्या असतात: काय बिघडलं, कुठे, किती खात्रीने, आणि आधी काय तपासायचं. यंत्रांच्या देखरेखीसाठीचं आयएसओ १३३७४ हे मानकही या दोन गोष्टी वेगळ्या ठेवतं. स्थिती बदलली हे ओळखणं हा एक टप्पा, आणि त्या बदलाचं कारण ठरवणं हा त्यानंतरचा स्वतंत्र टप्पा. या लेखात भर दुसऱ्या टप्प्यावर आहे.

उदाहरणासाठी साखर कारखान्यातला इंजेक्शन पंप घेऊ. स्प्रे पॉन्डमधलं पाणी उचलून तो कंडेन्सरला देतो. मोटर ५५ किलोवॅट, चार पोल, पूर्ण लोडवर १४८० आरपीएम. मध्ये फ्लेक्झिबल कपलिंग, पुढे चार पात्यांचा इंपेलर असलेला सेंट्रिफ्युगल पंप. पाणीपुरवठा योजनेतला पंप असो की बॉयलरचा आयडी फॅन (धूर ओढणारा पंखा), पद्धत हीच राहते, दोषांची यादी तेवढी बदलते.

पहिलं काम कागदावर: दोषांची यादी

सेन्सर विकत घेण्याआधी या पंपसेटला काय काय होऊ शकतं ते लिहून काढा. मागच्या तीन-चार हंगामांचं मेंटेनन्स रजिस्टर समोर घ्या आणि जुन्या फिटरना शेजारी बसवा. साधारण यादी अशी निघते: अनबॅलन्स (फिरणाऱ्या भागाचं वजन एका बाजूला जास्त असणं), मिसअलाइनमेंट (मोटर आणि पंपाचे शाफ्ट एका रेषेत नसणं), ढिले फाउंडेशन बोल्ट किंवा सॉफ्ट फूट (यंत्राचा एखादा पाय फाउंडेशनवर सपाट न बसणं), मोटर व पंपाची बेअरिंग, कपलिंगचे रबर झिजणं, सक्शनची गाळणी तुंबणं, कॅव्हिटेशन (दाब फार उतरल्याने पाण्यात वाफेचे बुडबुडे होऊन फुटणं), वेअर रिंग (इंपेलरभोवतीची फट राखणारी कडी) झिजणं, ग्लँडमधून (शाफ्टभोवतीच्या सीलमधून) हवा ओढली जाणं, रोटर बार (मोटरच्या फिरणाऱ्या भागातल्या धातूच्या पट्ट्या) तुटणं, वाइंडिंग तापणं.

प्रत्येक दोषापुढे तीन प्रश्न लिहा. तो कोणत्या मोजमापात दिसेल? दिसल्यापासून यंत्र बंद पडेपर्यंत किती वेळ मिळेल? आणि त्याच्यासारखीच खूण दाखवणारा दुसरा दोष कोणता? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक जण लिहीत नाहीत, आणि निदान तर त्याच उत्तरावर उभं असतं. बॉयलरमधलं पाणी अचानक उतरण्यासारखा फटक्यात घात करणारा दोष असेल, तर तो निदान यंत्रणेवर सोडू नका. तिथे यंत्र आपोआप बंद करणारी ट्रिपच हवी.

स्वस्तातलं निदान: दाब, प्रवाह आणि अँपिअर

कंपनाकडे वळण्याआधी पॅनलवर आधीच असलेली मोजमापं घ्या. सक्शनचा दाब, डिलिव्हरीचा दाब, प्रवाह आणि मोटरचा करंट एवढ्या चार आकड्यांतून पाण्याच्या बाजूचे बरेचसे दोष वेगळे करता येतात. यासाठी गणित शिकलेल्या संगणकाचीही गरज नाही, पंपाचा कर्व्ह लागतो, म्हणजे किती प्रवाहाला पंप किती हेड (पाणी चढवण्याची उंची) देतो हे दाखवणारा आलेख.

समजा प्रवाह कमी झालाय. एवढ्यावरून काहीच कळत नाही. आता बाकीचे आकडे पाहा.

- डिलिव्हरीचा दाब वाढलाय, करंट उतरलाय, आणि प्रवाह-हेडचा बिंदू कर्व्हवरच डावीकडे सरकलाय. पंप ठणठणीत आहे. पुढे कुठेतरी व्हॉल्व्ह अर्धवट बंद आहे किंवा लाइन तुंबली आहे.
- सक्शनचा दाब उतरलाय, करंटही उतरलाय, बिंदू मात्र कर्व्हवर आहे. गाळणी तुंबली, सक्शन व्हॉल्व्ह पूर्ण उघडा नाही, किंवा पॉन्डची पातळी खाली गेली. हे असंच चालू राहिलं तर पुढे कॅव्हिटेशन ठरलेलं.
- सक्शन ठीक आहे, पण बिंदू कर्व्हच्या खाली घसरलाय आणि तो आठवड्या-आठवड्याने आणखी खाली जातोय. वेअर रिंग किंवा इंपेलर झिजलाय, पाणी आतल्या आत परत फिरतंय.
- दाब आणि करंट जागच्या जागी आहेत, फक्त प्रवाह पडलेला दिसतो. आधी फ्लोमीटर तपासा, पंपाला हात लावू नका.
- प्रवाह आणि करंट दोन्ही सारखे डुलतात. ग्लँडमधून किंवा सक्शनच्या फ्लँजमधून हवा येत असण्याची शक्यता मोठी.

यातलं चौथं वाक्य मला सर्वांत मोलाचं वाटतं. यंत्र आणि मोजणारं साधन यांपैकी खोटं कोण बोलतंय हे ठरवता आलं पाहिजे, आणि ते एकाच मोजमापाकडे बघून कधीच ठरत नाही. म्हणून एकमेकांना ताडून पाहता येतील अशी मोजमापं निवडा. पंपाला व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारी ड्राइव्ह) असेल तर कर्व्ह वेगानुसार सरकवून घ्यायला विसरू नका: प्रवाह वेगाच्या प्रमाणात, हेड वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात आणि शक्ती घनाच्या प्रमाणात बदलते.

कंपनाचे सेन्सर कुठे आणि कसे

प्रत्येक बेअरिंग हाउसिंगवर, शक्य तितकं बेअरिंगच्या जवळ, घट्ट धातूवर सेन्सर लावा. पंख्याच्या पत्र्याच्या झाकणावर लावलेला सेन्सर त्या पत्र्याचंच कंपन सांगत राहतो. आडवी आणि उभी दिशा दोन्ही घ्या, आणि मोटर व पंप दोघांवर निदान एकेक सेन्सर शाफ्टच्या दिशेने असू द्या. शाफ्टच्या दिशेचा सेन्सर पैसे वाचवायला गाळला, की अनबॅलन्स आणि मिसअलाइनमेंट वेगळं करायची सोपी वाट बंद होते.

साधारण कामाला १०० मिलिव्होल्ट प्रति जीचा ॲक्सेलरोमीटर (कंपनाचा प्रवेग मोजणारा सेन्सर; जी म्हणजे गुरुत्वीय प्रवेग) पुरतो. बसवण्याची पद्धत मात्र निवडीइतकीच महत्त्वाची आहे. ड्रिल-टॅप करून स्टडवर बसवलेला सेन्सर सर्वांत वरच्या फ्रिक्वेन्सीपर्यंत खरं बोलतो, त्याखालोखाल चिकटवलेला. चुंबकावर वरची बाजू कापली जाते आणि हाताने दाबून धरलेल्या टोकाने तर बेअरिंगच्या सुरुवातीच्या दोषाचा मागमूसही लागत नाही.

सॅम्पलिंग किती? १० किलोहर्ट्झपर्यंत बघायचं असेल तर सेकंदाला २५,६०० नमुने, आणि त्याआधी अँटी-अलायझिंग फिल्टर (नोंदीत खोट्या फ्रिक्वेन्सी येऊ न देणारा). एक नोंद किती सेकंदांची असावी, याचं उत्तर आपल्याच पंपात दडलेलं आहे. १४८० आरपीएम म्हणजे सेकंदाला २४.६७ फेरे. चार पाती, म्हणून पात्यांची फ्रिक्वेन्सी ९८.६७ हर्ट्झ. आपली वीज ५० हर्ट्झची, तिच्या दुप्पट म्हणजे १०० हर्ट्झवर मोटरची विद्युत-चुंबकीय धडधड येते. दोन्हींत अंतर फक्त १.३३ हर्ट्झ. एका सेकंदाच्या नोंदीत रेझोल्यूशन (फ्रिक्वेन्सीतला ओळखता येणारा बारीकात बारीक फरक) १ हर्ट्झ मिळतं आणि स्पेक्ट्रममधले, म्हणजे कोणत्या फ्रिक्वेन्सीला किती कंपन हे दाखवणाऱ्या आलेखातले, हे दोन सुळके एकमेकांत मिसळतात. मग पाण्याचा दोष मोटरच्या नावावर चढतो आणि मोटर विनाकारण रिवाइंडिंगला जाते. चार सेकंदांच्या नोंदीत रेझोल्यूशन पाव हर्ट्झचं होतं आणि सुळके सुटे दिसतात.

तरीही शंका राहिली तर जुनी, खात्रीची चाचणी आहे: नोंद चालू ठेवून मोटरचा सप्लाय तोडा. कंपन त्याच क्षणी पडलं तर मूळ विजेत, वेग उतरत जाईल तसं हळूहळू ओसरलं तर मूळ यांत्रिक किंवा पाण्याच्या बाजूला. दर वेळी पंप बंद होताना यंत्रणेने ही नोंद आपोआप घ्यावी अशी सोय करून ठेवा, फुकटात पुरावा जमतो.

साठवणुकीची फार चिंता करू नका. चार सेकंदांच्या एका नोंदीत १,०२,४०० नमुने, प्रत्येकी दोन बाइट. सहा बिंदूंवर तासाला एक नोंद घेतली तरी दिवसाला सुमारे ३० एमबी होतात. म्हणून फक्त आरएमएसचा (कंपनाच्या एकूण पातळीचा) आकडा ठेवून मूळ तरंग फेकून देणाऱ्या योजनेला नकार द्या. दोष सापडल्यावर मागे वळून पाहायला तोच लागतो.

सेन्सर खरा बोलतोय का, हे आधी

कोणताही नियम चालवण्याआधी प्रत्येक नोंद या चाळणीतून गेली पाहिजे. आयईपीई (आतच इलेक्ट्रॉनिक्स असलेल्या) ॲक्सेलरोमीटरचा बायस व्होल्टेज साधारण १० ते १२ व्होल्ट असतो. तो शून्याजवळ गेला तर शॉर्ट, सप्लायच्या २४ व्होल्टजवळ गेला तर केबल तुटली किंवा कनेक्टर निघाला. ४-२० मिलिअँपिअरच्या ट्रान्समीटरमध्ये ३.६ किंवा त्याखाली आणि २१ किंवा त्यावर गेलेला करंट हा बहुतेक आधुनिक साधनांत दोषाचा ठरलेला इशारा असतो. तापमान मोजणाऱ्या पीटी-१०० चा रोध ० अंशाला १०० ओहम, १०० अंशाला १३८.५ ओहम. तार तुटली की तापमान एका क्षणात टोकाला पोहोचतं, आणि खरं बेअरिंग असं एका सेकंदात तापत नाही.

याखेरीज तीन साध्या तपासण्या ठेवा: आकडा तासन्‌तास जराही न हलणं, तरंग वरून-खालून कापला जाणं, आणि सगळ्याच बिंदूंवर एकाच क्षणी सारखीच वाढ होणं. शेवटच्या बाबतीत दोष बहुधा नोंदणी साधनात असतो, नाहीतर शेजारचं यंत्र चालू झालेलं असतं. चाळणीत अडकलेल्या नोंदीचा संदेश इन्स्ट्रुमेंट विभागाला जावा. तो मेकॅनिकल फिटरकडे जाऊ लागला की त्याचा यंत्रणेवरचा विश्वास महिनाभरात संपतो.

बेसलाइन: निरोगी यंत्र कसं चालतं

अलाइनमेंट, बॅलन्सिंग आणि ग्रीसिंग नीट झाल्यावरच बेसलाइन नोंदवा. आधीच आजारी असलेल्या पंपाची बेसलाइन घेतली तर यंत्रणा तो आजारच ‘नेहमीचं’ मानून बसेल.

पंप कोणत्या अवस्थेत आहे याची खूण प्रत्येक नोंदीला लावा: बंद, सुरू होतोय, स्थिर कमी लोड, स्थिर पूर्ण लोड. तुलना नेहमी समान अवस्थांतच होईल. वेगही मोजून घ्या, १५०० किंवा १४८० गृहीत धरू नका. कमी लोडवर मोटर थोडी वेगाने फिरते, आणि एवढ्याशा फरकाने बेअरिंगच्या फ्रिक्वेन्सीचा तिसरा हार्मोनिक (तिच्या तिप्पट फ्रिक्वेन्सीचा सुळका) तीन-साडेतीन हर्ट्झने सरकतो. पाव हर्ट्झच्या रेझोल्यूशनवर तो भलत्याच जागी शोधला जाईल.

तापमानाचं उदाहरण घेतलं तर बेसलाइनचं महत्त्व चटकन पटतं. वाइंडिंगला ९० अंशांची एकच ठाम मर्यादा घातली तर विदर्भातल्या मे महिन्यातल्या दुपारी निरोगी मोटरवरही अलार्म वाजेल, आणि डिसेंबरच्या पहाटे वीस अंशांनी जास्त तापलेली मोटर बिनबोभाट चालू राहील. त्याऐवजी स्थिर चालीच्या नोंदींतून करंटचा वर्ग आणि बाहेरचं तापमान यांवरून अपेक्षित तापमान काढणारं साधं रिग्रेशन बसवा. मग लक्ष ठेवायचं ते प्रत्यक्ष वजा अपेक्षित या फरकावर. एवढ्या मोटरला स्थिर तापमानाला यायला काही तास लागतात, म्हणून सुरू झाल्यानंतरचे पहिले तास यातून वगळा. फरक हळूहळू वाढतोय आणि करंट तसाच आहे, म्हणजे थंड होण्यात अडथळा आहे: फिनमध्ये बगॅसचा भुसा साचलाय किंवा पंख्याचं झाकण तुंबलंय.

एकूण कंपनासाठी आयएसओ १०८१६-१ मधल्या १५ ते ७५ किलोवॅट गटाच्या जुन्या परिचित मर्यादा १.१२, २.८ आणि ७.१ मिमी प्रति सेकंद अशा आहेत. पुढे २०१६ मध्ये आयएसओ २०८१६-१ आलं, आणि पंपांसाठी १०८१६-७ हा वेगळा भागही आहे. या मर्यादा सुरुवातीला हाताशी ठेवा, पण निदानाला त्या पुरत नाहीत. ०.८ वर चालणारा पंप १.९ वर गेला तर मानकाच्या हिशेबाने तो अजून चालवण्याजोगा आहे. माझ्या हिशेबाने तो दुपटीहून पुढे गेलाय आणि कारण शोधायची वेळ झाली आहे.

बेअरिंगचा दोष पकडायची रीत

इथे जरा सावकाश जाऊ, कारण निदानाची खरी ताकद इथे दिसते.

बेअरिंगच्या रिंगवर बारीक खाच पडली की प्रत्येक गोळी तिच्यावरून जाताना छोटा ठोका बसतो. ठोके ठराविक लयीत येतात. ती लय गोळ्यांची संख्या, गोळीचा व्यास, गोळ्यांच्या वर्तुळाचा व्यास आणि शाफ्टचा वेग यांवरून काढता येते. ६२०५ क्रमांकाचं बेअरिंग घ्या: नऊ गोळ्या, गोळीचा व्यास सुमारे ७.९४ मिमी, वर्तुळाचा सुमारे ३९.०४ मिमी. शाफ्टच्या एका फेऱ्यात बाहेरच्या रिंगवरच्या खाचेवर ३.५८५ ठोके, आतल्या रिंगवरच्या खाचेवर ५.४१५, आणि केज (गोळ्यांना अंतरावर धरणारी जाळी) फिरते ०.३९८ फेरे. आकडे पूर्णांकात येत नाहीत, हा आपला फायदा. अनबॅलन्स, मिसअलाइनमेंट आणि पाती यांच्या खुणा वेगाच्या पूर्ण पटींत येतात, त्यामुळे ३.५८५ पटीवरचा सुळका त्यांच्यात लपत नाही.

हेच बेअरिंग घेण्याचं कारण म्हणजे अमेरिकेतल्या क्लीव्हलंडच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाने दोन हॉर्सपॉवरच्या मोटरवर याच ६२०५ मध्ये मुद्दाम दोष कोरून घेतलेल्या नोंदी सर्वांसाठी खुल्या ठेवल्या आहेत. खाचा ०.००७ इंचापासूनच्या, म्हणजे ०.१८ मिमीपासून पुढच्या. १७९७ आरपीएमच्या नोंदीत बाहेरच्या रिंगचा सुळका १०७.४ हर्ट्झला आणि आतल्या रिंगचा १६२.२ हर्ट्झला शोधा. तुमचा प्रोग्रॅम आधी इथे चालवा. या नोंदींत दोष सापडत नसेल तर कारखान्यात तो सापडायची आशा धरू नका.

साध्या स्पेक्ट्रममध्ये सुरुवातीचे ठोके दिसत नाहीत, कारण त्यांची ऊर्जा फार थोडी असते. पण प्रत्येक ठोका हाउसिंगला काही किलोहर्ट्झवर किंचित वाजवतो. म्हणून एन्व्हलप पद्धत वापरतात. त्यातल्या पायऱ्या अशा: तरंग बँडपास फिल्टरमधून काढून २ ते ५ किलोहर्ट्झसारखा पट्टा उचला, हिल्बर्ट ट्रान्सफॉर्मने त्याची बाह्यरेषा काढा, तिची सरासरी वजा करा, आणि उरलेल्यावर एफएफटी (तरंगातल्या फ्रिक्वेन्सी वेगळ्या करणारं गणित) करा. आता ठोक्यांची लयच सुळका होऊन समोर येते. पट्टा कोणता घ्यायचा हे हाउसिंगवर अवलंबून असतं. दोन-तीन पट्टे तपासून ज्यात झटके सर्वांत स्पष्ट आहेत तो ठेवा.

गोळ्या थोड्या घसरतात, त्यामुळे सुळका गणिताने आलेल्या जागेपासून एक-दोन टक्के इकडेतिकडे असतो. शोधाची खिडकी तेवढी रुंद ठेवा आणि पहिल्यासोबत दुसरा, तिसरा हार्मोनिकही मागा. आतल्या रिंगची खाच शाफ्टबरोबर फिरते, दर फेऱ्यात एकदा लोडखाली येते आणि बाहेर पडते, म्हणून तिच्या सुळक्याच्या दोन्ही बाजूंना शाफ्टच्या वेगाइतक्या अंतरावर छोटे सुळके, म्हणजे साइडबँड, दिसतात. गोळीवरच्या दोषाभोवती हे अंतर केजच्या वेगाइतकं असतं. नियम लिहिताना हा शेजारचा पुरावाही मोजा.

कुर्टोसिसबद्दल, म्हणजे तरंगातले झटके किती टोकदार आहेत याच्या मापाबद्दल, सावध राहा. निरोगी बेअरिंगच्या तरंगाचा कुर्टोसिस ३ च्या आसपास असतो आणि पहिल्या खाचेबरोबर तो उसळतो. पण दोष पसरून सगळी रिंग खडबडीत झाली की ठोके एकमेकांत मिसळतात आणि तो पुन्हा ३ कडे उतरतो. नुसता कुर्टोसिस बघणारी यंत्रणा इथे ‘बेअरिंग सुधारलं’ असा संदेश देईल, तेव्हा बेअरिंग शेवटच्या टप्प्यात असेल. म्हणून तो नेहमी आरएमएससोबत वाचा: कुर्टोसिस उतरतोय आणि आरएमएस चढतोय, तर काम तातडीचं.

नियम कसे लिहावेत

प्रत्येक दोषासाठी बाजूने जाणारा आणि विरोधात जाणारा, असा दोन्ही पुरावा लिहा आणि त्याला गुण द्या. अनबॅलन्सच्या बाजूने: शाफ्टच्या वेगाएवढ्या फ्रिक्वेन्सीचा, म्हणजे १ एक्सचा सुळका इतरांपेक्षा कितीतरी मोठा, शाफ्टच्या दिशेने कंपन कमी, आडव्या-उभ्यातला फेज फरक (दोन कंपनं एकमेकांच्या किती पुढेमागे आहेत ते) ९० अंशांच्या आसपास आणि स्थिर. विरोधात: शाफ्टच्या दिशेने कंपन जास्त, २ एक्स मोठा, फेज भरकटणारा. मिसअलाइनमेंटच्या बाजूने: शाफ्टच्या दिशेने जास्त कंपन, २ एक्स ठळक, कपलिंगच्या दोन बाजूंत फेज फरक १८० अंशांच्या जवळ. ढिलेपणाच्या बाजूने: १ एक्सच्या कितीतरी पटींची रांग, बोल्टच्या वर आणि खाली मोजलेल्या कंपनात मोठी तफावत. कॅव्हिटेशनच्या बाजूने: वरच्या फ्रिक्वेन्सीला पसरलेला गोंगाट आणि त्याच वेळी सक्शनचा दाब उतरलेला. सक्शन ठीक असेल तर कॅव्हिटेशनचे गुण कापा.

रोटर बारसाठी करंटचा स्पेक्ट्रम हवा. १५०० वरून १४८० म्हणजे स्लिप (फिरत्या चुंबकीय क्षेत्राच्या मागे रोटर किती राहतो ते) १.३३ टक्के. तुटलेल्या बारची खूण ५० हर्ट्झच्या दोन्ही बाजूंना स्लिप फ्रिक्वेन्सीच्या दुपटीवर, म्हणजे ४८.६७ आणि ५१.३३ हर्ट्झला येते. लोड अगदी कमी असेल तर स्लिप इतकी घटते की हे सुळके मुख्य सुळक्यात बुडून जातात, म्हणून हा नियम ठराविक लोडच्या वरच चालवा.

पहिल्या दोन दोषांच्या गुणांत पुरेसं अंतर नसेल तर यंत्रणेने दोन्ही नावं सांगावीत, आणि कुणालाच पुरेसे गुण नसतील तर ‘बदल झालाय, कारण ठरवता येत नाही’ असं स्पष्ट म्हणावं. बळेच एक नाव चिकटवणारी यंत्रणा मला धोक्याची वाटते. ट्रान्सफॉर्मरच्या तेलातल्या वायूंवरून दोष ओळखणारा ड्युव्हाल त्रिकोण १९७० च्या दशकापासून याच शिस्तीमुळे टिकून आहे. मिथेन, इथिलीन आणि ॲसिटिलीन या तीन वायूंच्या प्रमाणांवरून तो दोषाचा प्रकार सांगतो, पण त्रिकोणात कुठलाही बिंदू टाकला तरी काही ना काही दोष निघतोच. म्हणून वायूंचं प्रमाण किंवा वाढीचा वेग खरोखर चिंताजनक आहे हे पाहिल्यावरच तो वापरायचा असतो.

खोटे अलार्म: आधी हिशेब मांडा

समजा दोनशे आकड्यांवर तासाला एकदा नजर आहे. दिवसाच्या ४८०० तपासण्या झाल्या. प्रत्येकाला सरासरीपासून तीन सिग्माची (प्रमाण विचलनाच्या तिप्पट) मर्यादा घातली, तर सगळं निरोगी असतानाही सामान्य वितरणाच्या हिशेबाने ०.२७ टक्के, म्हणजे रोज सुमारे १३ खोटे अलार्म. एवढे अलार्म कोणताही इनचार्ज आठवडाभरापेक्षा जास्त वाचणार नाही.

उपाय मर्यादा ढिली करण्यात नाही, टिकाव मागण्यात आहे. सहापैकी पाच नोंदींत मर्यादा ओलांडली तरच इशारा द्या. लागोपाठच्या नोंदी एकमेकींवर अवलंबून असतात, त्यामुळे कागदावरच्या गणितापेक्षा खोटे अलार्म थोडे जास्तच येतील हे धरून चाला. अलार्म लागण्याची पातळी ४.५ असेल तर मिटण्याची ४ ठेवा, नाहीतर काठावरचा पंप रात्रभर अलार्म लावत आणि मिटवत राहील. हळूहळू सरकणाऱ्या दोषांसाठी क्युसम चांगला: बेसलाइनपासूनचा छोटा फरक दर नोंदीला जमा करत जायचा आणि साठा ठराविक पातळी ओलांडली की सांगायचं.

मशीन लर्निंग कधी आणायचं

नियमांवर एक हंगाम चालवून झाल्यावर. तोपर्यंत तुमच्याकडे दोषांच्या खऱ्या नोंदी जवळपास नसतात, कारण निरोगी तास हजारो आणि दोषाचे मोजके. सुरुवात करायची असेल तर फक्त निरोगी नोंदींवर शिकून ‘हे नेहमीसारखं नाही’ एवढं सांगणारं मॉडेल घ्या आणि कारण शोधण्याचं काम नियमांकडेच राहू द्या.

विक्रेता ९९ टक्के अचूकतेचा दाखला देईल तेव्हा एकच प्रश्न विचारा: शिकवण्याच्या आणि तपासण्याच्या नोंदी वेगळ्या कशा केल्या? एकाच नोंदीचे तुकडे करून काही शिकवायला आणि काही तपासायला वापरले, तर मॉडेल त्या विशिष्ट बेअरिंगची आणि त्या विशिष्ट बसवणीची ओळख पाठ करतं. केस वेस्टर्नच्या नोंदींवर केलेल्या कितीतरी प्रयोगांत हीच अडचण आहे. खरी परीक्षा म्हणजे एक अख्खं यंत्र, किंवा निदान एक अख्खा लोड, शिकवण्यातून पूर्ण बाजूला ठेवून त्याच्यावर तपासणं.

फिटरच्या हातात पडणारा संदेश

संदेश असा असावा:

‘इंजेक्शन पंप २, मोटर, कपलिंगकडचं बेअरिंग. बाहेरच्या रिंगवर खाच असण्याची दाट शक्यता. पुरावा: ठोक्यांची लय आणि तिचे दोन हार्मोनिक गेल्या नऊ दिवसांत तिप्पट, तापमान नेहमीचं, एकूण कंपन १.४. आधी करा: ग्रीसची तारीख पाहा, ठरलेल्या मापाने ग्रीस भरून एका तासाने पुन्हा नोंद घ्या. लय उतरली नाही तर पुढच्या क्लीनिंगच्या थांब्यात बेअरिंग बदला. स्टँडबाय पंप ३ चालू करून पाहा.’

संदेश मराठीत असावा, फिटर जे शब्द रोज वापरतो त्या शब्दांत. आणि त्यात ताबडतोब करून पाहता येईल अशी एक तरी कृती असावी, कारण त्या कृतीचा निकाल हाही निदानाचा पुरावाच असतो. एकेक फाउंडेशन बोल्ट जरासा सैल करून कंपन घटतं का हे पाहणं ही सॉफ्ट फूटची नेमकी चाचणी आहे, पण चालू यंत्रावरची असल्याने ती अनुभवी माणसानेच, देखरेखीखाली करावी. यंत्र उघडायचं असेल तर पॅनल आयसोलेट करून कुलूप आणि टॅग लावल्याशिवाय कपलिंगचं गार्ड काढायचं नाही, ही ओळ प्रत्येक संदेशात ठेवा.

सुरू करताना पहिले काही आठवडे संदेश फक्त मेंटेनन्स इंजिनिअरकडे जाऊ द्या. तो आणि फिटर आपापलं निदान आधी लिहितील, मग यंत्रणेचं बघतील. जमल्यास एखाद्या जुन्या फॅनवर ओळखीचं वजन लावून अनबॅलन्स निर्माण करा आणि यंत्रणा त्याला काय नाव देते ते पाहा. कंपन विश्लेषणाचं आयएसओ १८४३६-२ नुसार प्रशिक्षण घेतलेला एक तरी माणूस घरचा असावा, बाहेरच्या सल्लागारावर हे काम कायमचं टाकू नये.

उघडल्यावर काय सापडलं, ते परत आलं पाहिजे

‘कारण: बेअरिंग खराब’ अशी नोंद निरुपयोगी आहे. बेअरिंग कापून रिंगा पाहा, फोटो काढा, आणि खराब का झालं ते लिहा. रिंगवर आडव्या, एकसारख्या अंतराच्या रेघा असतील तर व्हीएफडीमुळे शाफ्टमधून वाहणारा करंट हे कारण असू शकतं. तिथे नवं बेअरिंगही तसंच जाणार, इलाज ग्राउंडिंग रिंग किंवा इन्सुलेटेड बेअरिंगचा आहे. गोळ्यांच्या अंतराने बसलेल्या पुसट खुणा स्टँडबाय पंपात सापडल्या तर शेजारच्या चालू पंपाच्या कंपनाने, शाफ्ट थांबलेला असतानाच, झिजवलेलं बेअरिंग आहे ते. अशा पंपाचा शाफ्ट दर आठवड्याला हाताने फिरवून वेगळ्या जागी थांबवायचा, किंवा पंप आलटून पालटून चालवायचे.

प्रत्येक संदेशापुढे चारपैकी एक शेरा सक्तीचा करा: निदान बरोबर, दोष होता पण वेगळा, दोषच नव्हता, दोष होता पण यंत्रणा गप्प होती. चौथा शेरा सर्वांत महत्त्वाचा आणि तोच सर्वांत कमी लिहिला जातो, कारण अचानक बंद पडलेल्या पंपाच्या गडबडीत यंत्रणेची आठवण कुणाला राहत नाही. दर महिन्याला ब्रेकडाउन रजिस्टर आणि संदेशांची यादी शेजारी ठेवून ते तपासा, आणि गुणांचे आकडे त्यावरून बदला.

गाळप संपून ओव्हरहॉलिंग झालं की जुनी बेसलाइन रद्द होते. अलाइनमेंट नवं, शिम नवे, कधी इंपेलरही नवा. हंगामाआधीच्या वॉटर ट्रायलमध्ये नव्याने नोंदी घ्या, आणि गाळप पूर्ण लोडवर आल्यावर त्या पुन्हा ताडून पाहा. बेअरिंग बदललं असेल तर क्रमांकासोबत कंपनीचं नावही यंत्रणेत भरा. एकाच क्रमांकाच्या बेअरिंगमध्ये वेगवेगळ्या कंपन्यांच्या गोळ्यांची संख्या किंवा व्यास वेगळा असू शकतो, आणि मग यंत्रणा वर्षभर चुकीच्या फ्रिक्वेन्सीवर लक्ष ठेवून बसते. हे नाव भरून घेण्याची जबाबदारी स्टोअरमधून बेअरिंग देणाऱ्या माणसावर सोपवा. त्याच्या हातात खोका असतो, आणि नाव खोक्यावरच छापलेलं असतं.